अण्णांचं ओसरत चाललंय

ती. आक्का,

धाकट्याचा कंबर वाकू देईल तितका वाकून नमस्कार. तुझा खोकला कमी झाला असेल आणि भावोजींचं ब्लडप्रेशर त्यांच्या रागाच्या मानाने आटोक्यात असेल, असं धरून चालतो. नसेल तर मला फोनवर कळवू नकोस, पत्राने कळव. फोनवर मजकूर लिहिणं आणि वाचणं या दोन्हींच्या बाबतीत मी कानाला खडा लावला आहे. इकडे आम्ही दोघे भाऊ बरे आहोत. (बरे म्हणजे बरेच. या शब्दाला दुसरा अर्थ नाही, याची मी छापखान्यातल्या तीन कोशांत खात्री करून घेतली आहे. तुझ्या हातात पडल्यावर फुटला तर माझा इलाज नाही.)

हे पत्र आभाराचं आहे. मधेमधे ते तक्रारीसारखं वाटेल, तेवढं सोडून दे. छत्तीस वर्षं लोकांच्या चुका काढून पोट भरलेल्या माणसाला आभारसुद्धा तांबड्या शाईतच सुचतात. छापखान्यात मला 'ऱ्हस्वदीर्घ' म्हणतात हे तुला ठाऊक आहेच. तर या ऱ्हस्वदीर्घाने गेल्या महिन्यात तुला जो निरोप पाठवला, तो मी पुन्हा जसाच्या तसा उतरवतो, म्हणजे चूक कोणाची हे तुझं तुला ठरवता येईल: "अण्णांचं ओसरत चाललंय. पहाटेपासून अगदी शांत पडलाय. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनं बंद करायला सांगितली. आता सगळं सुटलं म्हणायला हरकत नाही. कोणी धावपळ करून येऊ नये."

आता सांग, यात काय कमी आहे? आठ दिवस अण्णा तापाने फणफणला होता. छातीत कफ, बोलणं असंबद्ध, थर्मामीटर एकशे तीनच्या खाली यायला तयार नाही. मी खुर्चीत बसून त्याच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत होतो आणि मनातल्या मनात वाईट वाक्यं रचून ती खोडत होतो. नवव्या दिवशी पहाटे ताप उतरला. सकाळी डॉक्टरीणबाई येऊन तपासून गेल्या, म्हणाल्या, ओसरतंय आता. माझा जीव भांड्यात पडला. पडला तो इतक्या जोरात, की त्याच आवाजाच्या भरात मी तुला निरोप धाडला. ओसरणं ही दुखण्याची गोष्ट आहे. पूर ओसरतो, सूज ओसरते, ताप ओसरतो, गर्दी ओसरते, भावोजींचा राग (कधीतरी) ओसरतो. माणूस ओसरत नाही. माणूस खंगतो, खालावतो, थकतो, फार तर कलतो. हे शाळेतल्या पोराला कळतं, आणि तू तर शाळेत पहिली यायचीस.

आणि तू काय केलंस? डोळे पुसलेस, आणि तो निरोप सगळ्या गोतावळ्याला पुढे पाठवलास. वर आपल्या पदरचं एक वाक्य जोडलंस, "ज्यांना भेटायचं त्यांनी वेळेत भेटून घ्या." तुझ्या त्या वाक्यात एकही चूक नाही, हे मी व्यावसायिक प्रामाणिकपणाने मान्य करतो.

पहिला आला आपला चुलतभाऊ भोंगा. (समोर त्याला दादाच म्हणतो, पण पत्रात कोण ऐकतंय.) दुपारी मी सुखाने जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात दार वाजलं. उघडतो तर हा दारात, हातात पिशवी, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलणारा. त्याने मला मिठी मारली. मला वाटलं, याला आनंद झालाय.

"कधी?" त्याने विचारलं.

"पहाटे," मी म्हणालो.

"फार त्रास झाला का रे?"

"आठ दिवस झाला. पण शेवटी एकदम शांत."

"काही बोलला?"

"चहात साखर नाही म्हणाला."

भोंग्याने डोळ्यांना रुमाल लावला. माणूस जाता जाता इतकं साधं बोलतो, याचं त्याला फार भरून आलं म्हणे. मला त्याचा चहाशी काय संबंध तो कळेना. मी म्हटलं, "आत जा ना, जागा आहे." तो म्हणाला, "नको, घरच्यांना आधी बसू दे, मी उभा राहतो." मी म्हटलं, "अरे, जागा म्हणजे झोपलेला नाही." त्यावर भोंगा चपलांच्या मांडणीवर बसला. मांडणी मोडली. ती अजून तशीच आहे, कारण घरात हातोडी धरणारा कोणी नाही आणि सुई धरणारे दोन आहेत. पण ते पुढे येईल.

संध्याकाळपर्यंत घरात अकरा माणसं झाली. प्रत्येकाला दारातच गाठून समजावायचं माझ्या नशिबी आलं. अण्णाची लेक आणि जावई दोघे पंधरा दिवसांची रजा टाकून, दोन बॅगा घेऊन आले. पोरगी सरळ आत गेली, बापाच्या पायाला हात लावून पाहिला, पाय गरम लागला तशी मोठ्याने रडली, आणि मग बाहेर येऊन माझ्याकडे वळली. "काका," ती म्हणाली, "तुम्ही शब्द तपासून पोट भरता ना?" एवढंच. आक्का, मला छत्तीस वर्षांत मालकाने इतकं लागेल असं काही ऐकवलेलं नाही.

मी रीतसर बाजू मांडली. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मी अकरा जणांना ओसरणे या क्रियापदाचा अर्थ, उपयोग आणि मर्यादा समजावून सांगितल्या. माणूस ओसरत नाही, या मुद्द्यावर मी जोर दिला. सगळे ऐकत होते. (अर्धे बटाटे सोलत होते. अकरा माणसांचं जेवण व्हायचं होतं.) तेव्हा पोरगी सोलता सोलता म्हणाली, "काका, आई गेल्यापासून बाबा काय करतायत मग? त्याला काय म्हणायचं?"

मी एक बटाटा उचलून सोलायला घेतला. तुला सांगतो, कारण तू इथे नसतेस आणि मी फोनवर नेहमी "चाललंय" एवढंच सांगतो. वहिनी गेली त्याला दोन वर्षं झाली. पहिल्यांदा अण्णाने गिऱ्हाईक घेणं कमी केलं, मग दुकान दुपारचं बंद ठेवू लागला, मग पुरतंच बंद केलं आणि शिलाई मशीन घरी आणून त्यावर चादर टाकली. मग फिरायला जाणं गेलं. मग पेपर. मग जेवताना तो दुसऱ्यांदा वाढून घेईनासा झाला. रोज इतकं थोडं कमी व्हायचं, की त्याच घरात राहूनही मला ते दिसलं नाही. पाणी उतरतं तेव्हा आवाज होत नाही ना. मी सकाळी छापखान्यात जायचो, संध्याकाळी यायचो, अण्णा खिडकीशी बसलेला असायचा आणि मी समजायचो की बसलाय. ताप उतरल्यावरसुद्धा तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. निरोपात मी "शांत पडलाय" लिहिलं ते खरं होतं. फक्त ती शांतता मला चांगली वाटली होती. डॉक्टरीणबाई निघताना दारात म्हणाल्या होत्या, ताप गेला, आता माणसाला वर आणा. ते मी तुला कळवलंच नव्हतं, कारण कसं आणायचं ते मला माहीत नव्हतं.

म्हणजे तुम्ही सगळ्यांनी त्या वाक्याचा जो अर्थ लावलात, तो व्याकरणाने चूक होता आणि घरात पाहिलं तर बरोबर होता. हे लिहायला मला जड जातंय. पुढे जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गावभर झालेली बातमी ऐकून, भागीदार आले. तू म्हणशील, कोण भागीदार? तेच, अण्णाबरोबर एकवीस वर्षं एका दुकानात, एका टेबलाच्या दोन बाजूंना कपडे बेतणारे. बँडमास्तरांच्या कोटावरून दोघांचं फाटलं, ते तुला आठवत असेल. त्या कोटाची डावी बाही दोन बोटं आखूड झाली होती. भर कार्यक्रमात बँडमास्तरांनी काठी उचलली, आणि बाही कोपरापर्यंत वर गेली. आतला फाटका शर्ट साऱ्या गावाने पाहिला, बँड हसून वाजवायचा थांबला. कापली तू, असं हे म्हणाले, कापली तू, असं ते म्हणाले. भागीदार दोन गल्ल्या पलीकडे वेगळं दुकान घालून बसले. एकोणीस वर्षं दोघे एकमेकांना पाहून रस्ता ओलांडत होते. अण्णाला तर नजर अधू झाल्यावर लांबून ओळखू येईना, तेव्हा तो खात्रीसाठी कोणताही जाडा माणूस दिसला की रस्ता ओलांडायचा.

भागीदार कोणाशी न बोलता आत गेले आणि दार लोटून घेतलं. (मी पाण्याचा तांब्या घेऊन दाराबाहेर उभा होतो. ऐकत नव्हतो. तांब्या जड होता म्हणून दाराला टेकलो होतो.) आतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग भागीदार म्हणाले, "ती बाही मी कापली होती. घाईत कापली, आणि तुझ्यावर ढकलली. एकोणीस वर्षं माझ्या मनातून गेली नाही. जाताना तेवढं माफ करून जा."

अण्णा भिंतीकडेच तोंड करून म्हणाला, "तू कापलीस ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तू डावखुरा. तुझ्या खडूच्या रेघा उलट्या कलतात."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो."

आक्का, मी दाराला आणखी टेकलो आणि तांब्यातलं पाणी माझ्या पायावर सांडलं. आत भागीदार नाक शिंकरत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "फार दुखतंय का?" अण्णा म्हणाला, "काय दुखायचंय? ताप होता. गेला."

यानंतर जे झालं ते मला जन्मभर पुरेल. भागीदार बाहेर आले, माझा दंड धरला आणि मला स्वयंपाकघरात नेलं.

"हा मरत नाहीये?"

मी म्हटलं, नाही.

"मग मी आत काय बोलून बसलो?"

मी म्हटलं, बोललात ते चांगलं बोललात. ते म्हणाले, चांगलं बोललो ते मरणाऱ्याशी बोललो, हा आता वीस वर्षं जगून मला टोचत बसेल. मी त्यांना ओसरणे या क्रियापदाची माहिती देऊ लागलो, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी विषय चहावर नेला. एका कपाने ते जरा निवले. दुसऱ्या कपाने त्यांची बाजू तयार झाली. तिसरा अर्धा ठेवून ते उठले, तरातरा आत गेले, आणि पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून म्हणाले, बाही मी कापली हे कबूल, पण दोन बोटं आखूड हे खोटं. एक बोट.

अण्णा वळला. नऊ दिवसांत, खरं तर दोन वर्षांत, मी त्याला इतक्या चटकन वळताना पाहिलं नव्हतं. "दोन," तो म्हणाला.

"एक."

"दोन. सव्वादोन. टेप आण," हे मला उद्देशून. मी म्हटलं, टेप कुठाय? तो म्हणाला, "मशीनच्या खणात, उजव्या. कुठे असणार?" मी मशीनवरची चादर काढली. खाली इतकी धूळ होती की भोंगा शिंकला, आणि त्याचं शिंकणं भोंग्यासारखंच असल्यामुळे बाकीचे दहा जण काय झालं म्हणून खोलीत गोळा झाले. अण्णा उठून उशीला टेकून बसला होता. कोट तर आता नव्हता, तेव्हा त्याने जावयाला पुढे बोलावून त्याच्या कोटाची बाही धरली, दोन बोटं मापून दाखवली, आणि बोलता बोलता थांबला. बाहीकडे पाहिलं. खांद्याकडे पाहिलं. जावयाला पाठमोरा केला. मग भागीदारांकडे पाहून म्हणाला, "हे कोणी शिवलंय रे?"

जावई बिचारा म्हणाला, तयार घेतलाय.

"खांदा उतरलाय," भागीदार म्हणाले.

"आणि अस्तर ओढतंय," अण्णा म्हणाला.

"बाही तर बघूच नकोस."

जावयाचा कोट तिथल्या तिथे उतरवून घेतला गेला. आपण कोणाच्या अंत्यदर्शनाला आलो होतो आणि शर्टावर का उभे आहोत, हे त्याला परत जाईपर्यंत कळलं नसावं. मी आणि पोरगी दारात उभे होतो. अण्णा टीप उसवत होता. दोनदा सुई ओवता आली नाही, तिसऱ्यांदा भागीदारांनी ओवून दिली आणि ते शेजारी बसले.

मंडळी चार दिवस राहिली. चार दिवसांत एकूणएक माणसाचा एकेक कपडा उसवला गेला. भोंग्याच्या पँटचा घेर बेतात आला. आत्याबाईंनी मला त्यांचा ब्लाउज लपवून ठेवायला दिला, तोही सापडला. अण्णा पहिल्या दिवशी तासभर बसला, चौथ्या दिवशी दुपारपर्यंत. जेवताना त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हा सगळ्यांनी एकदम आपापल्या ताटात पाहिलं. डॉक्टरीणबाई आल्या, खोलीत चिंध्या पाहिल्या, अण्णाची छाती तपासली, आणि कुठलं औषध दिलंत म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, अर्थाचा अनर्थ.

मग गर्दी ओसरली. (हा बरोबर उपयोग.) पण भागीदार रोज दहाला येतात. आपण फक्त चहाला आलो असं सांगतात आणि पाचला जातात. दोघांनी पुन्हा थोडं काम घेतलंय. बाही एक बोट की दोन, हे ठरलेलं नाही, आणि दोघांनाही ते ठरवायची घाई नाही.

तर आक्का, आभार. तू नीट वाचलं असतंस, तर "बरं झालं" असं उत्तर पाठवून स्वयंपाकाला लागली असतीस. इकडे ताप उतरलेला माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला असता, आणि मी रोज छापखान्यात जाऊन आलो असतो. तू चुकीचं वाचलंस, आणि धाय मोकलून चौदा घरी कळवलंस. तुला गुडघ्यांमुळे येता आलं नाही म्हणून तू फोनवर रडलीस, असं पोरगी म्हणाली. तू आली नसलीस तरी ती सगळी तूच पाठवली होतीस. माझ्या कोशात नसलेला अर्थ तुझ्यामुळे मला कळला, हे एक मुद्रितशोधक लेखी देतोय. जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

भावोजींना नमस्कार. भाचरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. आत्याबाईंचा ब्लाउज भागीदारांनी पोस्टाने पाठवला आहे. तो तुझ्या पत्त्यावर का पाठवला, ते त्यांनाच ठाऊक. आत्याबाईंना देऊन टाक आणि कसा बसला ते विचारू नकोस.

ता. क. २. वर मी तुझ्या वाचनावर बरंच तोंडसुख घेतलं आहे, म्हणून हे लिहिणं भाग आहे. पत्रासाठी तो निरोप मी पोरीकडून फोनवर मोठ्याने वाचून घेतला, तेव्हा मला कळलं. मी "अण्णांचं दुखणं ओसरत चाललंय" असं लिहिलं, अशी माझी तोपर्यंत खात्री होती. "दुखणं" हा शब्द त्यात नाही. मी लिहिलाच नाही, आणि पाठवण्याआधी मला दिसलं नाही. चूक तुझी नव्हती.

ता. क. ३. आठ महिने झाले, मला नीट दिसत नाही. हे पत्र जाड पेनाने, ओळीखाली पट्टी धरून लिहिलंय, तरी ओळी चढल्या असतील. छापखान्यात अजून कोणाला बोललो नाही, पण गेल्या महिन्यात दाताच्या डॉक्टरांच्या पत्रकात "दात"च्या जागी "हात" गेला, आणि "हात न दुखता काढून मिळतील" अशी दोन हजार पत्रकं वाटली गेली. मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. आधी उजवा डोळा करायचाय, पुढच्या महिन्यात, दहा तारखेला, सकाळी नऊ वाजता. डॉक्टर म्हणतात, सोपं असतं. अण्णा आणि भागीदार दोघेही बरोबर यायला तयार आहेत, पण ते तिथे परिचारिकांचे गणवेश उसवतील. शिवाय मला तू हवी आहेस. मी भितो, आक्का, आणि हे त्या दोघांना सांगता येत नाही. दवाखाना तळमजल्यावर आहे. बाहेर पायऱ्या चारच आहेत, आणि दोन्ही बाजूंना कठडा आहे. मी परवा जाऊन बघून आलो. म्हणजे हाताने चाचपून आलो.